वॉटर ऑडिटच्या कामात येताय? इमारतीचं पाणी मोजायला शिकताना

इमारतींचं वॉटर ऑडिट हे काम मी पुण्यात गेली काही वर्षं करते आहे. सिव्हिल इंजिनिअरिंग झाल्यावर प्लंबिंग डिझाइन करणाऱ्या कन्सल्टंटकडे लागले होते, तिथून इकडे वळले. सिव्हिल किंवा पर्यावरण शिकणारी मुलं-मुली हल्ली विचारतात, या कामात यायचं तर काय शिकू, कुठला कोर्स करू. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. या कामाचा जीव मोजण्यात आहे. नळांना एरेटर (धारेत हवा मिसळून पाणी कमी करणारी जाळी) लावा, ड्युअल फ्लश बसवा, पावसाचं पाणी साठवा, हे सल्ले कुणीही देतो. पण या इमारतीत रोज किती पाणी येतं आणि ते कुठे कुठे जातं, याचा हिशेब जुळवून दाखवणं थोड्यांनाच जमतं. सोसायटी किंवा कंपनी पैसे देते ती त्यासाठी.

हिशेबाची सुरुवात आवक बाजूने करायची. पुण्याच्या उपनगरातली मोठी सोसायटी घेतली, तर पाणी तीन-चार वाटांनी येतं: महापालिकेची लाइन, टँकर, बोअर आणि एसटीपीतून, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातून, शुद्ध होऊन परत येणारं पाणी. महापालिकेच्या लाइनवर मीटर असतो, निदान असायला हवा. टँकरची नोंद गेटवरच्या वहीत असते. बोअरवर बहुतेक ठिकाणी मीटर नसतोच, पंप किती तास चालतो एवढंच ऑपरेटरला माहीत असतं. अशा वेळी बोअरचं पाणी मोजमाप माहीत असलेल्या टाकीत सोडायचं, किती मिनिटांत पातळी किती चढली ते बघायचं आणि तासाचा हिशेब काढायचा.

टँकरची वही जशीच्या तशी मान्य करू नका. ‘दहा हजार लिटर’ लिहिलेलं असतं, त्याची खात्री करायला अर्धा तास लागतो. टँकर आला की जमिनीखालच्या टाकीचे पंप बंद करायला सांगा, महापालिकेचा कॉकही बंद. झाकणाच्या कडेवरून वजन बांधलेली टेप खाली सोडून पाण्याची पातळी घ्या, टँकर पूर्ण रिकामा झाल्यावर पुन्हा घ्या. टाकी आतून ६ बाय ४ मीटर असेल तर दहा हजार लिटरने पातळी जवळजवळ ४२ सेंटिमीटर चढायला हवी. ३६ सेंटिमीटरच चढली तर त्या टँकरमधून ८,६४० लिटर पाणी आलं. एकाच टँकरवरून निष्कर्ष काढायचा नाही, वेगवेगळ्या गाड्यांचं मोजायचं. पण ही मोजणी सुरू झाल्याचं कळलं की गाड्या भरून यायला लागतात, हेही खरं.

मग येते वापराची बाजू. घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हा आपल्याकडचा प्रचलित मापदंड आहे. १२० फ्लॅट, घरटी सरासरी साडेतीन माणसं, म्हणजे ४२० माणसं आणि ५६,७०० लिटर. आवक ८०,००० निघाली, तर वरच्या २३,३०० लिटरचं उत्तर शोधायचं आहे. बाग, गाड्या धुणं, जलतरण तलाव, जिने पुसणं यांचं पाणी मोजून वजा करत जायचं. तरीही जे उरतं, तिथून खरं ऑडिट सुरू होतं. एक मात्र लक्षात ठेवा, १३५ हा आकडा डिझाइनसाठीचा आहे. लोक खरोखर तेवढंच वापरतात असं गृहीत धरून कुणावर उधळपट्टीचा ठपका ठेवायचा नाही. किती फ्लॅटमध्ये माणसं राहतात आणि किती बंद आहेत, हे सेक्रेटरीकडून लिहून घ्या. मेंटेनन्सच्या यादीत सगळे फ्लॅट भरलेलेच दिसतात.

उरलेल्या पाण्याचा माग काढण्यासाठी माझा सर्वात जास्त भरवसा आहे तो रात्रीच्या चाचणीवर. पहाटे दोन ते चार या वेळात माणसं झोपलेली असतात, वापर अगदी किरकोळ होतो. त्या वेळी गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारे पंप बंद ठेवायचे आणि पातळी दर अर्ध्या तासाने घ्यायची. टाकी ४ बाय ३ मीटरची असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे १२० लिटर. दोन तासांत पाच सेंटिमीटर उतरली, म्हणजे ६०० लिटर, तासाला ३०० लिटर. हाच ओघ दिवसभर चालू धरला तर ७,२०० लिटर होतात. मग एकेका डाउनटेकचा, म्हणजे गच्चीच्या टाकीतून खाली उतरणाऱ्या पाइपाचा, व्हॉल्व्ह बंद करत पुन्हा मोजायचं. ज्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर पातळी थांबते, गळती त्या लाइनवर. या चाचणीला प्लंबर किंवा पंप ऑपरेटर सोबत हवाच, कारण कुठला व्हॉल्व्ह कुठल्या विंगचा हे ड्रॉइंगमध्ये एक असतं आणि गच्चीवर दुसरंच. मुलींना घरून रात्रीच्या कामाबद्दल विचारणा होते. कमिटीतला एखादा सभासद आणि वॉचमन हजर राहतील असं आधी पत्रात लिहून घ्यायचं, मी अजूनही तसंच करते.

एका सोसायटीत या चाचणीत काहीच सापडलं नाही. रात्री पातळी जवळपास स्थिर, तरी दिवसाच्या हिशेबात मोठी तूट. शेवटी आम्ही पंप चालू असताना गच्चीवर थांबलो. दोन टाक्या एकमेकींना पाइपने जोडलेल्या होत्या आणि एकीचा काठ दुसरीपेक्षा थोडा खाली होता. टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट उंच टाकीत बसवलेला, त्यामुळे ती भरेपर्यंत पंप चालू राहायचा आणि ठेंगणी टाकी तोवर ओव्हरफ्लो होत राहायची. हे कुणाला दिसत नव्हतं, कारण ओव्हरफ्लोचा पाइप गच्चीवर उघडा सोडण्याऐवजी थेट पावसाच्या पाण्याच्या पाइपात जोडलेला होता. पाणी गुपचूप खाली उतरून गटारात जात होतं. ओव्हरफ्लो नेहमी डोळ्यांना दिसेल असा उघडा काढायचा, हा प्लंबिंगचा जुना नियम आहे आणि नव्या इमारतींतही तो सर्रास मोडलेला आढळतो. तेव्हापासून मी कुठल्याही गच्चीवर गेले की आधी ओव्हरफ्लोचं तोंड शोधते.

घरातली सर्वात मोठी छुपी गळती फ्लशच्या टाकीत असते. आतलं रबर झिजलं की पाणी भांड्याच्या कडेने पातळ पदर होऊन वाहतं, आवाज येत नाही. टाकीत खायचा रंग टाकायचा, फ्लश न वापरता पंधरा मिनिटं थांबायचं, भांड्यात रंग उतरला तर गळती. मिनिटाला फक्त २०० मिलिलिटर गळत असेल तरी दिवसाला २८८ लिटर होतात, दोन माणसांच्या पूर्ण वापराहून जास्त. नळांचं मोजणं त्याहून सोपं आहे: एक लिटरचं माप आणि स्टॉपवॉच. पाच सेकंदांत भरलं तर मिनिटाला १२ लिटर. वॉशबेसिनला एवढ्या धारेची गरज नसते, एरेटर लावून ती निम्म्याहून खाली आणता येते. बादली भरायच्या नळाला मात्र एरेटर लावू नका. बादलीला तेवढंच पाणी लागतं, फक्त वेळ वाढतो, आणि वैतागून लोक तो काढून टाकतात.

उंच इमारतींत दाबाकडे दुर्लक्ष करू नका. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब येतो. वीस मजल्यांच्या इमारतीत गच्चीच्या टाकीवरून थेट खालपर्यंत लाइन असेल, तर खालच्या मजल्यांवर सहा बारच्या आसपास दाब बसतो. तिथे नळ जरा उघडला तरी पाणी भसकन येतं, वायसर लवकर जातात, सांधे गळतात. दाब कमी करणारा प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह असतो, पण अनेकदा गाळ अडकून निकामी झालेला किंवा बायपास करून ठेवलेला असतो. दाब निम्मा केला की नळाची धार साधारण तीस टक्क्यांनी कमी होते, घरात कुणालाही काही न बदलायला सांगता. माझ्या मते खर्चाच्या मानाने हा सर्वात चांगला उपाय आहे.

ऑफिस आणि हॉस्पिटलचं गणित वेगळं असतं. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे ऑफिसात माणशी ४५ लिटर धरतात, शंभराहून कमी खाटांच्या हॉस्पिटलात खाटेमागे ३४०, त्याहून मोठ्या हॉस्पिटलात ४५०. पण सेंट्रल एसी असलेल्या ऑफिसात पाण्याचं खरं गिऱ्हाईक कूलिंग टॉवर असतो, म्हणजे एसी प्लांटचं गरम झालेलं पाणी थंड करणारा मनोरा. एक टन शीतकरणामागे तासाला साधारण साडेसहा-सात लिटर पाण्याची वाफ होते. ३०० टनांचा प्लांट पूर्ण भारावर दहा तास चालला तर वीस हजार लिटर वाफ. वाफ होते तसे उरलेल्या पाण्यात क्षार साठत जातात, म्हणून काही पाणी काढून टाकावं लागतं, त्याला ब्लोडाउन म्हणतात. क्षार दुपटीवर पोचताच पाणी काढलं तर वाफेइतकंच, म्हणजे आणखी वीस हजार लिटर जातं. पाचपटीपर्यंत जाऊ दिलं तर फक्त पाच हजार. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या साध्या टीडीएस मीटरने टॉवरमधलं आणि भरण्याचं पाणी तपासलं की आकडा कळतो. अर्थात पाच पट चालेल की नाही हे पाण्याच्या कठीणपणावर ठरतं, आणि बोअरचं पाणी वापरत असतील तर वॉटर ट्रीटमेंटवाल्याला विचारल्याशिवाय काही सुचवायचं नाही.

हॉस्पिटलात डायलिसिस विभाग बघा. मिनिटाला ५०० मिलिलिटर या नेहमीच्या दराने चार तासांच्या एका डायलिसिसला १२० लिटर द्रव लागतो, आणि तेवढं शुद्ध पाणी करताना आरओ प्लांट बरंच पाणी बाहेर टाकतो. ते रुग्णापर्यंत पोचलेलंच नसतं, क्षार वाढलेले असतात इतकंच. टीडीएस तपासून फ्लशिंगला किंवा फरशी पुसायला बहुतेकदा चालतं.

साधनांवर सुरुवातीला फार खर्च करू नका. स्टीलची टेप, मापाचं भांडं, स्टॉपवॉच, टॉर्च, टीडीएस मीटर, प्रेशर गेज आणि खायचा रंग एवढ्यावर निवासी सोसायटीचं पुष्कळ काम होतं. पाइपावर बाहेरून बसवायचा अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर भाड्याने मिळतो, तो वापरायला मात्र नीट शिका. बेंड, पंप किंवा व्हॉल्व्हच्या लगेच पुढे तो चुकीचं दाखवतो. आधी पाइपाच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ लांबी हवी. आतून गंजलेल्या जुन्या जीआय पाइपावर किंवा अर्धवट भरलेल्या लाइनवर त्याच्या आकड्याचा भरवसा धरू नका. पाणी ठरावीक तासच येणाऱ्या लाइनवर साधा मीटरही हवेने फिरतो, तेही हिशेबात घ्या.

कोर्सबद्दल. प्लंबिंगचं ड्रॉइंग वाचता येणं आणि एक्सेलवर हात बसलेला असणं ही पहिली पात्रता. सिव्हिल, मेकॅनिकल, पर्यावरण यातलं काहीही चालतं. आयटीआयचा प्लंबर ट्रेड करून या कामात आलेली मुलं गळती शोधण्यात इंजिनिअरांना मागे टाकताना मी पाहिली आहेत. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मधला प्लंबिंगचा नववा भाग वाचा. संस्थांच्या पातळीवर काम करायचं असेल तर पाणी कार्यक्षमता व्यवस्थापनाचं आयएसओ ४६००१ हे २०१९चं मानक, आणि नळ व सॅनिटरीवेअरच्या कार्यक्षमतेसाठीचं आयएस १७६५० बघून ठेवा. उद्योगांकडे वळायचं असेल तर केंद्रीय भूजल प्राधिकरणाची सप्टेंबर २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं वाचायलाच हवीत. दिवसाला १०० घनमीटरहून जास्त भूजल उपसणाऱ्या उद्योगांना त्यांत दरवर्षी वॉटर ऑडिट बंधनकारक केलं होतं, तेही सीआयआय, फिक्की या उद्योग संघटनांच्या किंवा नॅशनल प्रॉडक्टिव्हिटी कौन्सिलच्या प्रमाणित ऑडिटरकडून. ग्रीन बिल्डिंगच्या आयजीबीसी आणि ‘गृह’ (GRIHA) या मानांकनांतही पाण्याचे गुण असतात, तिथेही अशा माणसांची गरज लागते.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. जमिनीखालच्या टाकीत किंवा एसटीपीच्या टाकीत उतरायचं नाही, कुणाला उतरवायचंही नाही. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो, मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो, आणि तो जास्त असला तर वाससुद्धा येत नाही, कारण नाकाची संवेदनाच जाते. मोजमापं वरून घ्यायची. “मॅडम, दोन मिनिटांत बघून येतो,” असं म्हणणाऱ्या प्लंबरदादांना तिथेच थांबवण्याची जबाबदारी आपली.

माणसांशी बोलणं हे मोजण्याइतकंच महत्त्वाचं. चेअरमन आपल्याला बोलावतात, पण पाण्याची खरी माहिती असते पंप ऑपरेटरकडे आणि हाउसकीपिंगच्या मावशींकडे. कुठल्या मजल्याच्या डक्टमध्ये भिंत कायम ओली असते, कुठल्या टाकीचा बॉलकॉक दोरीने बांधलेला आहे, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांचं सांगणं अहवालात त्यांच्यावर बोट न ठेवता मांडायचं. नाहीतर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही.

अहवालात पहिल्याच पानावर ताळेबंद हवा: आवक, प्रत्येक वापर, आणि हिशेब न लागलेलं पाणी. त्याखाली उपाय, प्रत्येकापुढे खर्च आणि किती लिटर वाचतील. ‘वाचलेल्या पैशांतून तुमचा वाटा घ्या’ असा प्रस्ताव सुरुवातीला येतो, तो मी नव्या लोकांना घेऊ देत नाही. टँकरचे दर बदलतात, फ्लॅट भरत जातात, आणि बचत कशामुळे झाली यावर वाद होतो. ठरावीक फी घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा रीडिंग घ्यायची अट करारात घाला.

काम मिळण्याची वाट बघत बसण्यापेक्षा स्वतःच्या इमारतीपासून सुरुवात करा. कमिटीची परवानगी घेऊन रोज ठरलेल्या वेळी, सकाळी सहाला म्हणा, सगळे मीटर आणि टाक्यांच्या पातळ्या वहीत लिहा. बोअरच्या पंपाचे तास लिहा, आलेले टँकर लिहा. निदान एक पूर्ण आठवडा, आणि त्यात रविवार आलाच पाहिजे, कारण गाड्या धुणं आणि कपड्यांचे ढीग रविवारीच निघतात.