करडईच्या तेलावरचे संशोधन हाती आले, तर ते कसे वाचावे

उन्हाळ्याच्या तोंडावर, करडईची रास नुकतीच झालेली असताना, परभणीतल्या एका लाकडी घाण्यावर मी तेलासाठी थांबलो होतो. तेव्हा जिंतूरकडच्या एका वयस्क शेतकऱ्यांनी मोबाईल पुढे करून विचारले, "डॉक्टरसाब, घरची करडई आहे. तेल काढावं का विकून टाकावी?" करडईच्या तेलाने मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी वाढते असे परदेशी संशोधनात सिद्ध झाले आहे, असा संदेश मोबाईलवर होता आणि समोरच्या भिंतीवर हेच तेल हृदयासाठी उत्तम असल्याचा फलक होता. ज्वारीच्या कडेने करडईचे काटेरी पट्टे पेरून गुरे अडवणाऱ्या आणि थंडीत तिच्या कोवळ्या पानांची भाजी करणाऱ्या आपल्या भागात हा प्रश्न घराघरातला आहे. मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना संशोधन वाचायला शिकवतो. या एकाच संशोधनाला धरून कोणताही निष्कर्ष कसा तपासावा, हे येथे सांगतो.

सर्वप्रथम मूळ लेख शोधावा. संदेशात नियतकालिकाचे नाव व वर्ष नसेल, तर विषयाचे दोन-तीन इंग्रजी शब्द 'पबमेड' या इंटरनेटवरच्या वैद्यकीय संशोधनाच्या मोफत सूचीत टाकावेत. तेथे लेखाचा सारांश मिळतो आणि अनेकदा पूर्ण लेखही. करडईच्या संदेशामागचा लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१३ साली आला, परंतु त्यातला प्रयोग १९६६ ते १९७३ या काळात ऑस्ट्रेलियातील सिडनीत झालेला होता. त्या प्रयोगात एकूण मृत्यू वाढल्याचे १९७८ सालीच छापले गेले होते. हृदयविकाराने किती दगावले, ही माहिती मात्र जुन्या चुंबकीय फितींवर पडून होती आणि ती परत मिळवून २०१३ साली मांडली गेली. म्हणजे लेख नवा असला, तरी त्यातली माणसे अर्धशतकापूर्वीची आहेत. वर्ष पाहण्याचा कंटाळा करू नये, तो यासाठी.

त्यानंतर सारांशातून प्रयोग कोणावर झाला, हे शोधावे. पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? वसमतच्या बाजारात हळदीचे ढीग पाहणाऱ्या आपल्याला हळदीने कर्करोग बरा होतो हे संदेश नवे नाहीत. त्यांतील बहुतेकांचा आधार काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरचा प्रयोग असतो आणि तेथून माणसाच्या शरीरापर्यंतचे अंतर फार मोठे आहे. सिडनीच्या प्रयोगात ४५८ पुरुष होते, वय ३० ते ५९, आणि प्रत्येकाला नुकताच हृदयविकाराचा त्रास होऊन गेलेला. त्यात एकही स्त्री नव्हती आणि निरोगी माणूसही नव्हता. जिंतूरच्या काकांचे वय सत्तरीच्या घरातले आणि त्यांना रक्तदाबाखेरीज दुसरा आजार नाही. प्रश्न त्यांचा होता आणि उत्तर दुसऱ्याच माणसांविषयी होते.

तिसरा प्रश्न तुलनेचा आहे आणि माझ्या मते सर्वाधिक फसगत येथेच होते. करडईचे तेल खाणारे आणि न खाणारे असे दोन गट नुसते पाहिले, तर त्यांच्यात तेलाखेरीज शेती, उत्पन्न, व्यायाम, तंबाखू असे शंभर फरक असू शकतात. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकार कमी दिसतो, असे निरीक्षणातून वर्षानुवर्षे दिसत होते. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांना नशिबाच्या चिठ्ठीप्रमाणे दोन गटांत विभागून संप्रेरके किंवा निष्क्रिय गोळ्या दिल्या, तेव्हा संप्रेरके घेणाऱ्यांचे हृदय सुरक्षित राहण्याऐवजी धोका वाढलेला दिसला आणि २००२ साली तो प्रयोग मुदतीपूर्वी थांबवावा लागला. अशा विभागणीची वैद्यकातील एक ठळक सुरुवात म्हणजे क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनचा १९४८ साली प्रसिद्ध झालेला ब्रिटिश प्रयोग. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ आणि न मिळालेल्या ५२ जणांपैकी १४ रुग्ण दगावले. म्हणून लेखात 'रँडमाइज्ड' हा शब्द आहे का, ते आधी पाहावे. सिडनीचा प्रयोग तसा होता, ही त्याची जमेची बाजू.

आता मोजले काय, हे पाहावे. भिंतीवरचा फलक अगदीच खोटा नव्हता: करडईच्या तेलाने रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते आणि सिडनीतही ते उतरले. तरीही तेल दिलेल्या त्याच गटात मृत्यू अधिक झाले. रक्ताच्या अहवालातील आकडा सुधारणे आणि माणूस जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला विद्यार्थ्यांना दरवर्षी नव्याने पटवून द्यावे लागते. १९८९ साली अमेरिकेत हृदयाचे अनियमित ठोके दाबणारी दोन औषधे याच परीक्षेत नापास झाली. ठोके सुधारले, पण औषध घेणारे रुग्ण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त दगावले. निष्कर्षात 'पातळी घटली', 'सूज कमी झाली', 'स्मरणशक्तीचे गुण वाढले' असे काही असेल, तर पुढे आजार टळला का, मृत्यू टळला का, हे शोधल्याशिवाय थांबू नये.

त्या ६२ टक्क्यांचे काय करावे? कागद घेऊन हिशेब मांडावा. मी घाण्यावरच्या पावतीच्या मागे तो मांडला होता. तेलाच्या गटात २२१ पुरुष होते, त्यांतले ३९ दगावले. दुसऱ्या गटात २३७ होते, त्यांतले २८. म्हणजे शंभरातले साधारण १८ आणि शंभरातले साधारण १२. फरक दर शंभरी सहा माणसांचा, जो लहान नाही, परंतु '६२ टक्के' ऐकून डोळ्यासमोर जे उभे राहते तसाही नाही. बासष्ट हा आकडा कालावधी धरून काढलेल्या जोखमीच्या गुणोत्तरातून, म्हणजे १.६२ मधून आला आहे आणि त्याभोवतीची मर्यादा, म्हणजे खरे गुणोत्तर साधारण कोठून कोठपर्यंत असू शकते ती, लेखातच १.०० ते २.६४ अशी दिलेली आहे. १.०० म्हणजे काहीच फरक नाही. जेव्हा ही मर्यादा एकाला टेकते, तेव्हा 'सिद्ध झाले' हा शब्द वापरू नये.

प्रयोगाच्या तुकड्यांतून काढलेल्या निष्कर्षांविषयी एवढेच सांगतो की, हृदयविकाराच्या झटक्यावर ॲस्पिरिन देऊन पाहणाऱ्या १९८८ सालच्या मोठ्या प्रयोगात १७,१८७ रुग्ण होते आणि त्यांना राशींप्रमाणे विभागले, तेव्हा मिथुन व तूळ राशींच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा लाभ दिसला नाही. संशोधकांनी हे मुद्दाम दाखवले होते, कारण पुरेशा फाळण्या केल्या की योगायोगानेही काहीतरी हाती लागते. म्हणून प्रयोग करण्याआधीच काय मोजायचे ते जाहीर केले होते का, हे पाहावे. भारतातील प्रयोगांची अशी नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया'मध्ये २००७ पासून होते आणि ती कोणालाही वाचता येते. खर्च कोणी केला, हेही लेखाच्या शेवटी लिहिलेले असते.

शेवटची पायरी एका लेखाच्या बाहेरची आहे. मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्याचा सामूहिक प्रयत्न २०१५ साली प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत लक्षणीय परिणाम नोंदलेला होता. पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांतच आढळला. करडईच्या तेलाविषयीही सिडनीचा प्रयोग हाच शेवटचा शब्द नाही. त्यातल्या गटाला तेलाबरोबर करडईपासून केलेले मार्गारीन, म्हणजे लोण्यासारखा पदार्थ, हेही दिले जात होते आणि त्याचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. वनस्पती तेलांच्या अन्य प्रयोगांत उलट निष्कर्षही आले आहेत. असे सर्व प्रयोग एकत्र तोलणारे 'कॉक्रेन' या आंतरराष्ट्रीय संस्थेचे आढावे असतात. त्यांचे सोप्या भाषेतील सारांश मोफत आहेत. एखादा विषय तेथे असेल, तर एकेकट्या लेखापेक्षा तेथून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

काकांना मी पावती दिली. मागच्या बाजूला ३९, २२१, २८, २३७ एवढेच आकडे आणि त्याखाली 'सर्व पुरुष, सर्व हृदयरोगी' असे लिहिले होते. संदेश वाचून त्यांनी आठवडाभर रक्तदाबाची गोळीही बंद ठेवली होती, हे त्यांनी निघताना सांगितले. ती त्याच दिवशी सुरू करा आणि डॉक्टरांकडून रक्तदाब तपासून घ्या, हे मी त्यांना दोनदा बजावले. करडई त्यांनी विकली नाही. अर्धे तेल घाण्यातून काढून घेतले आणि पेंड म्हशीसाठी पोत्यात भरून नेली.