मॉरिशसच्या राजकारणावर लिहिताय? या चुका टाळा

मॉरिशसवरचा लेख तपासायला आला की पहिल्या दोन परिच्छेदांतच कळतं, लिहिणाऱ्याने तिथली राज्यघटना उघडलेली नाही. संसद आहे, पंतप्रधान आहेत, राष्ट्रपती आहेत, म्हणजे सगळं आपल्यासारखंच असणार, असं धरून चालतात आणि तिथेच घसरतात.

सगळ्यात मोठा घोळ मतांच्या आकड्यांचा. २०२४ च्या निवडणुकीनंतर एका होतकरू लेखकाचा मजकूर आला. नोंदलेले मतदार दहा लाखांच्या आसपास, उमेदवारांना पडलेल्या मतांची बेरीज वीस लाखांच्या वर; सबब प्रचंड बोगस मतदान! मथळासुद्धा तयार, आणि ‘आजच छापा’ म्हणून फोनवर फोन. अरे बाबा, मुख्य बेटावरच्या २० मतदारसंघांतून प्रत्येकी तीन जण निवडून जातात आणि मतदाराला तीन नावांवर खुणा कराव्याच लागतात. दोनच केल्या तर मतपत्रिका बाद. रॉड्रिग्ज बेटाचे दोन प्रतिनिधी. २० गुणिले ३, अधिक २, झाले ६२. निकालाचा कुठलाही आकडा वाचण्याआधी मी ही बेरीज कागदाच्या कोपऱ्यात मांडून ठेवतो. याच पद्धतीमुळे साठेक टक्के मतांवर एका आघाडीने मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा नेल्या. १९८२ आणि १९९५ मध्येही हेच झालं होतं, तेव्हा ‘अभूतपूर्व’ जरा आवरा.

दुसरी चूक आपल्या मंडळींची लाडकी: ‘मॉरिशसच्या संसदेत मराठी माणसांसाठी राखीव जागा’. नाहीत. ६२ च्या वर जास्तीत जास्त आठ जागा ‘बेस्ट लूझर’ म्हणून पराभूत उमेदवारांतून भरतात, समाजांचा तोल साधण्यासाठी. घटनेत समाज चारच: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि उरलेले सगळे ‘जनरल पॉप्युलेशन’. मराठी लोक हिंदूंत धरले जातात. हिशेब अजून १९७२ च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणंच बंद झालं. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने याच शिळ्या आकड्यांवर बोट ठेवलं. कुठलं तरी तयार कोष्टक उचलून हे समजत नाही. घटनेचं पहिलं परिशिष्ट वाचा, फार मोठं नाही.

राष्ट्रपतींना जनता निवडत नाही. पंतप्रधानांच्या प्रस्तावावर संसद एकूण सदस्यांच्या बहुमताने निवडते. तरी ‘रबरी शिक्का’ लिहिण्याआधी फेब्रुवारी २००२ बघा. दहशतवादविरोधी विधेयकावर सही करायची नाही म्हणून कासम उतीम यांनी राष्ट्रपतिपद सोडलं, मागोमाग उपराष्ट्रपतींनीही. विधेयक मात्र अडलं नाही. सरन्यायाधीशांनी हंगामी राष्ट्रपती म्हणून सही केली.

राज्यसभा शोधू नका, सभागृह एकच आहे.

स्वातंत्र्य १९६८, प्रजासत्ताक १९९२. तारीख दोन्हींची १२ मार्च, म्हणून वर्षांची अदलाबदल करू नका.

आणि शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. ‘स्वतंत्र देशात असं कसं असेल’ म्हणून परस्पर खोडणाऱ्यांचा मजकूर मी न वाचता परत पाठवतो.