गोचीड न लागणारी गाय निवडताय? आधी या चुका टाळा

"या गाईला गोचीडच लागत नाही, जातच तशी आहे." हे ऐकलं की माझा पहिला प्रश्न, औषध कधी लावलं होतं? बहुतेक वेळा समोरचा गप्प.

मी स्वतः यात सपशेल आपटलोय. सुरुवातीच्या काळात एका गोठ्यात मोजणी केली, वीसेक गाई, त्यात एकीवर अक्षरशः शून्य. मी खूश, वहीत तिच्यापुढे तीन चांदण्या काढल्या, हिच्या पोटचा वळू राखायचा हेही ठरवून टाकलं आणि दोन महिन्यांनी परत गेलो तर त्याच गाईच्या कासेवर, शेपटीखाली बोट ठेवायला जागा नाही. विचारलं तर कळलं की मी यायच्या आठ दिवस आधी तिच्या एकटीच्याच पाठीवर पोअर-ऑन, म्हणजे पाठीवर ओतायचं गोचीडनाशक, ओतलं होतं, कारण सगळ्यात जास्त गोचीड तिलाच होते! म्हणजे गोठ्यातली सगळ्यात वाईट गाय मी पहिल्या नंबरावर बसवली होती.

तेव्हापासून माझी सवय अशी: सगळी जनावरं एकाच रानात, औषधाचा असर पूर्ण गेल्यावर, एकाच दिवशी सकाळी मोजायची आणि असं निदान तीन-चार वेळा. मायक्रोप्लस जातीचा गोचीड असेल तर एकाच बाजूच्या ४.५ ते ८ मिलिमीटरच्या माद्या मोजून दुप्पट करायच्या, बारीक पिल्लं मोजत बसायचं नाही. हा गोचीड जनावरावर तीनेक आठवडे काढतो, प्रतिकारक गाईवर बरीचशी पिल्लं वाढायच्या आधीच मरतात, आणि या मापाच्या माद्या म्हणजे गळून पडायला आलेल्या, तग धरून राहिलेल्या. खरा हिशोब त्यांचा. मध्येच जनावर तापलं तर मोजणी गेली खड्ड्यात, आधी उपचार. एका मोजणीवर वळू ठरवणाऱ्यांना मी आता समजावतही नाही.

पहिल्यांदाच गोचीड बघणारी कालवड लगेच बाद करू नका. हा प्रतिकार बराचसा अंगाला गोचीड लागल्यावर तयार होतो, आनुवंशिक असते ती तो तयार करायची ताकद.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे "रोग होत नाही" आणि "रोग होऊनही तग धरते" यांची खिचडी. साहिवाल वासराला गोचीड तापाची, म्हणजे थायलेरिया या रक्तातल्या परजीवीची लागण होतेच, फक्त ते परदेशी होल्स्टिनसारखं आडवं होत नाही. पश्चिम आफ्रिकेतली एनदामा गाय त्से-त्से माशी पसरवते त्या ट्रिपॅनोसोमा या परजीवीला अशीच पुरून उरते, परजीवी रक्तात असूनही तिचं रक्त फारसं उतरत नाही. (आणि हो, तिला वशिंड नसतं, त्यामुळे "वशिंड म्हणजे प्रतिकार" हेही सोडा.) आता अशी तगडी गाय आणून होल्स्टिनशेजारी बांधली म्हणजे गोठा सुरक्षित झाला असं वाटणारे भेटतात. अरे, तिच्या रक्तातला थायलेरिया गोचिडातून शेजारणीकडे जाणार, ती मस्त रवंथ करत बसणार आणि मरणार दुसरीच!

देशी-परदेशी पहिल्या संकराच्या गाई चांगल्या निघाल्या म्हणून पुढच्या पिढीला परत परदेशी रेतन केलं की गोचीड वाढतात. वाढणारच, देशी रक्त अर्ध्यावरून पाव झालं ना.

एका जीनची टेस्ट करून वळू पास-नापास करू नका, गोचिडाच्या प्रतिकारात बऱ्याच जीनचा थोडा थोडा वाटा असतो.

आणि नुकत्याच व्यायलेल्या, खंगलेल्या गाईची तुलना भाकड, धष्टपुष्ट गाईशी करायची नाही. तिच्यावर गोचीड जास्तच दिसणार.