गोल न खाणारी टीम: तालुक्याच्या कॉलेजात मुलींची बचावफळी कशी उभी करावी

विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजात मुलींची फुटबॉल टीम उभी करायची झाली की बहुतेक क्रीडाशिक्षक आधी गोल मारणारी मुलगी शोधू लागतात. मीही पहिली दोन वर्षे तेच केले आणि दोन्ही वर्षे पहिल्याच सामन्यानंतर दुपारच्या एसटीने टीम घेऊन परत आले. गोल मारण्याचे कसब लहानपणापासून चेंडू पायात खेळवल्याशिवाय येत नाही, आणि आपल्याकडे येणाऱ्या मुलींनी बारावीपर्यंत फुटबॉलला पायही लावलेला नसतो. बचाव मात्र एका हंगामात शिकवता येतो, कारण त्यात पायाच्या कसबापेक्षा दोन मुलींमधले अंतर आणि त्यांचा आवाज यांनाच अधिक मोल आहे.

स्पर्धा बाद पद्धतीची असेल तर हे गणित आणखी सोपे होते, कारण जी टीम गोल खात नाही ती टायब्रेकरच्या, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी किकच्या, आधी हरूच शकत नाही. 2007 च्या महिला विश्वचषकात जर्मनीने सहा सामन्यांत एकही गोल न खाता अजिंक्यपद मिळवले आणि अंतिम सामन्यात ब्राझीलला 2-0 असे हरवले. अमेरिकेतील विद्यापीठांच्या महिला स्पर्धेचा 2019 चा अंतिम सामना 0-0 असा सुटला आणि स्टॅनफर्डने नॉर्थ कॅरोलायनाला पेनल्टींवर 5-4 ने मागे टाकले. याउलट 2022 मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्याच देशात झाला, तेव्हा आपल्या मुलींनी अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील या तीन सामन्यांत मिळून 16 गोल खाल्ले. हा दोष मी त्या मुलींना देत नाही. ज्या वयात तिकडच्या मुली शेकडो सामने खेळलेल्या असतात, त्या वयात आपल्या मुलींना धड मैदानही मिळत नाही.

निवडीच्या वेळी कबड्डी खेळलेल्या मुलींकडे आधी पाहावे. गावोगावच्या शाळांतून कबड्डी आणि खो-खो खेळून आलेल्या मुली कॉलेजात असतातच, आणि कबड्डीतली कोपऱ्यावरची मुलगी ही जवळजवळ तयार बॅक, म्हणजे बचावफळीतली खेळाडू, असते. चढाई करणारी अंगणात आली की घाईने तिच्या पायावर झेप घ्यायची नाही, ती चुकेपर्यंत वाट पाहायची आणि शेजारणीशी साखळी तुटू द्यायची नाही, हे तिला सांगावे लागत नाही. तिची एकच सवय मोडावी लागते, ती म्हणजे हात लावण्याची. समोरची मुलगी निसटू लागली की कबड्डीवालीचा हात आपोआप तिच्या कमरेकडे जातो आणि तो गोलपुढच्या 16.5 मीटरच्या चौकटीत गेला तर पेनल्टी ठरलेली. यावर आम्ही केलेला उपाय साधा आहे: सरावात प्रत्येक बॅकच्या दोन्ही हातांत एकेक जुना रुमाल घट्ट धरायला द्यायचा, म्हणजे मुठी मोकळ्या राहत नाहीत.

गोलकीपर निवडताना ‘जिला पळता येत नाही तिला गोलमध्ये उभी करा’ ही आपल्याकडची जुनी खोड सोडून द्यावी. गोल 24 फूट रुंद आणि 8 फूट उंच असतो, तर पाच फूट दोन इंच उंचीच्या मुलीचा वर केलेला हात साधारण साडेसहा फुटांपर्यंत जातो. अशी मुलगी रेषेवर खिळून राहिली तर वरचा सगळा पट्टा समोरच्यांना मोकळा मिळतो. त्यामुळे उंचीइतकीच धिटाई पाहावी. चेंडू घेऊन येणाऱ्या मुलीच्या अंगावर चार पावले पुढे जाऊन जी तिच्यासाठी गोल लहान करते, तीच खरी कीपर.

आता अंतराविषयी. हे शिकवायला मी फळा वापरत नाही, बैलाचा कासरा वापरते. चार बॅक मुलींना एका ओळीत उभे करावे, दोघींच्या मध्ये आठ-आठ मीटरचा दोर द्यावा आणि त्याची टोके हातात धरायला सांगावीत; कमरेला मुळीच बांधू नयेत, पाय अडकून मुली पडतात. मग समोर एकीने चेंडू घेऊन डावीकडून उजवीकडे चालावे. चेंडू जिकडे जाईल तिकडे चारही मुलींनी मिळून सरकावे, आणि दोर ताणलाही जाऊ नये व जमिनीला लोळूही नये. पहिल्या दिवशी हमखास असे होते की उजवी बॅक चेंडूमागे धावत सुटते, दोर तिच्या हातून सुटतो, आणि डावी बॅक आपल्या जागेवर कमरेवर हात ठेवून पाहत उभी राहते. तिला तिथे उभी राहण्याचे कारण विचारले तर उत्तर येते, “मॅडम, चेंडू तं तिकडे हाय ना!” तिथेच खेळ थांबवून दाखवावे की चेंडू तिकडे आहे म्हणूनच तिने मध्यात यायला हवे.

मैदान 60 मीटर रुंद असेल तर चौघी मिळून ते पूर्ण झाकू शकत नाहीत, कारण आठ-आठ मीटरच्या अंतराने त्या फक्त 24 मीटर व्यापतात. पलीकडची बाजू उघडी राहते आणि ती मुद्दामच उघडी ठेवायची असते. तिथपर्यंत समोरच्यांना उंच, लांब पास द्यावा लागतो आणि तो हवेत असताना चौघींना सरकायला वेळ मिळतो. आठवडाभर दोर धरून चालावे, दुसऱ्या आठवड्यात हळू धावावे आणि तिसऱ्या आठवड्यात दोर काढून टाकावा. दोर नसतानाही मुली आपापसांत त्याच अंतराने सरकू लागल्या म्हणजे निम्मे काम झाले.

ओळीच्या आत कोणी काय करायचे, हे जागलीच्या, म्हणजे रात्री पिकाची राखण करण्याच्या, उदाहरणाने चटकन कळते. रोही (नीलगायी) किंवा रानडुकरे वावरात शिरली की जागलीवर असलेले दोघे मिळून एकाच जनावरामागे कधीच धावत नाहीत. एक जण समोर जाऊन त्याला धुऱ्याकडे (बांधाकडे) रेटतो आणि दुसरा थोडा मागे, तिरपा, कुंपणाची फट धरून उभा राहतो. फुटबॉलमध्ये नेमके हेच करायचे असते. चेंडूजवळची मुलगी समोरचीपासून दीड हात अंतरावर, गुडघे वाकवून आणि अंग थोडे तिरपे ठेवून उभी राहते, नजर तिच्या खांद्यांवर नव्हे तर चेंडूवर ठेवते आणि तिला साइडलाइनकडे ढकलत नेते. दुसरी तिच्या मागे चार-पाच मीटरवर तिरपी राहते. पहिलीने पाय घालायचा तो समोरचीचा चेंडू पायापासून लांब गेला तरच. घाईने घातलेला पाय हेच बहुतेक गोलांचे मूळ असते, आणि टॅकल किती मारले यावरून बॅकचे कौतुक करण्याची प्रेक्षकांची रीत मला म्हणूनच पटत नाही.

ऑफसाइडच्या सापळ्याविषयी, म्हणजे ओळीने एकदम पुढे येऊन समोरचीला ऑफसाइडमध्ये पकडण्याविषयी, माझे मत कडक आहे: तो लावू नये. नियम मुलींना जरूर समजावून सांगावा. पास निघण्याच्या क्षणी समोरची मुलगी आमच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्या पुढे आणि आमच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असेल तर ती ऑफसाइड ठरू शकते, आणि थ्रो-इन, कॉर्नर व गोलकिक यांवर ऑफसाइड नसते. पण सापळा लावायचा तर चौघींनी एकाच क्षणी पुढे यावे लागते आणि लाइनवरचा पंचही तितकाच सावध लागतो. एका उपांत्य सामन्यात आमच्या चौघी हात वर करून उभ्या राहिल्या, झेंडा वर गेलाच नाही आणि समोरची मुलगी एकटी जाऊन गोल मारून आली. पंचांशी वाद घालण्यात मी दोन मिनिटे घालवली, तेवढ्यात मुलींचे उरलेसुरले अवसानही गेले. तेव्हापासून आमच्याकडे शिट्टी वाजल्याशिवाय हात वर करणाऱ्या मुलीला मैदानाच्या दोन फेऱ्या आहेत. चेंडू दूर क्लिअर झाला की ओळीने मिळून पुढे यावे, एवढेच पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि तिलाच सर्वांत जास्त दिवस लागतात. आपल्या मुलींना घरीदारी हळू बोलण्याचेच वळण लावलेले असते. त्यांना मैदानावर ओरडा म्हटले की त्या एकमेकींकडे पाहून हसतात. आमचा एक सामना याच पायी गेला. उंच चेंडू दोन स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या दोन बॅकच्या, मधोमध आला, दोघींनीही एकमेकींकडे पाहिले, दोघीही थांबल्या आणि चेंडू टप्पा खाऊन त्यांच्या मागे असलेल्या समोरच्या टीमच्या मुलीच्या पायात पडला. नंतर विचारले तर एक म्हणाली, “मले वाटलं थे घेते,” आणि दुसरीचेही उत्तर तेच होते.

यासाठी लांबलचक सूचना शिकवू नयेत. तीनच शब्द ठरवावेत आणि तेही मुलींच्या बोलीतले. आमच्याकडे चेंडू घेणारी “माहा!” म्हणते, मागून कोणी येत असेल तर “मांगं!” आणि कीपरला चेंडू हवा असेल तर ती “सोड!” म्हणते. कीपरच्या शब्दावर कोणीही वाद घालायचा नाही, कारण सगळे मैदान फक्त तिलाच समोर दिसते. सरावासाठी दोन मुलींच्या मधोमध हाताने उंच चेंडू फेकावा आणि तो पकडला तरी आवाज न देणाऱ्या मुलीचा गुण कापावा. आणखी एक युक्ती म्हणजे पाच मिनिटांचा सामना पूर्ण मुक्याने खेळवायचा आणि लगेच पाच मिनिटांचा बोलून. फरक मुलींना स्वतःलाच कळतो. सहामाहीपर्यंत जी मुलगी वर्गात हजेरीलाही पुटपुटायची, तिचा “सोड!” रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागला की कीपर तयार झाली असे समजावे.

क्लिअर करताना चेंडू आपल्या गोलपुढून आडवा कधीही नेऊ नये. जवळच्या साइडलाइनकडे, उंच आणि लांब काढावा. 2022 च्या त्याच स्पर्धेचा नवी मुंबईतील अंतिम सामना स्पेनने कोलंबियाविरुद्ध 1-0 असा जिंकला आणि तो एकमेव गोल स्वयंगोल होता. इतक्या मोठ्या पातळीवर हे घडते, तर तालुक्याच्या मैदानावर का घडणार नाही? कॉर्नरच्या वेळी एक मुलगी जवळच्या खांबाशी, दोघी गोलपुढच्या लहान चौकटीच्या तोंडाशी आणि बाकीच्या समोरच्यांच्या एकेकीवर एकेक अशी रचना पुरते. फ्री किकला भिंत 9.15 मीटरवर राहते आणि भिंतीत तीन किंवा अधिक मुली असतील तर समोरच्यांना तिच्यापासून किमान 1 मीटर दूर राहावे लागते, हे आपल्या कॅप्टनला माहीत असावे.

मैदानाचे आणि शरीराचे थोडे सांगणे भाग आहे. आपली काळी माती पावसाळ्यात स्टडला किलो-किलो चिकटते आणि हिवाळा सरताना तिला भेगा पडतात. त्या भेगांत पाय अडकून गुडघा फिरणे हा मला सर्वांत भीतीचा प्रकार वाटतो, कारण गुडघ्यातला लिगामेंट तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींत जास्त असते. फक्कीने (चुन्याच्या पुडीने) रेषा मारण्याआधी भेगा मुरुमाने बुजवाव्यात आणि फिफाचा ‘11 प्लस’ हा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्मअप कधीही चुकवू नये. त्यातील उडी मारून गुडघे वाकवत उतरण्याचा व्यायाम बॅक मुलींना हेडरसाठीही उपयोगी पडतो. हंगामाच्या सुरुवातीलाच ग्रामीण रुग्णालयात सर्व मुलींचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. शेवटच्या वीस मिनिटांत जागा सोडणाऱ्या मुलीला आपण आळशी म्हणतो, तेव्हा ती पुष्कळदा आळशी नसते. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने द्याव्यात. गूळ-फुटाण्यांची पिशवी मात्र आपली आपण ठेवता येते.

सरावाची वेळ एसटीच्या वेळापत्रकावरून आणि शेतीच्या कामांवरून ठरवावी. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी आणि पुढे कापसाची वेचणी आली की निम्म्या मुली वावरात जातात. त्यांना नावे ठेवू नयेत, घरी जाऊन आईबाबांशी बोलावे आणि चौघी बॅक तरी एकत्र येतील असे आठवड्यातले तीन दिवस मागून घ्यावेत. फॉरवर्ड मुलींचा एकटीचा सराव चालू शकतो, ओळीचा चालत नाही.

एका गोलने पुढे असताना सगळ्यांना मागे ओढून घेण्याचा मोह टाळावा, कारण ओळ गोलाच्या तोंडाशी गेली की समोरच्यांचा प्रत्येक फटका कीपरच्या अंगावर येतो. वेळ काढणेही आता अवघड झाले आहे: सहकारी मुलीने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू कीपरने हाताने घेण्यास 1992 पासून बंदी आहे, आणि 2025 च्या नव्या नियमानुसार तिने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. सामना टायब्रेकरला गेला तर 11 मीटरवरून पहिली किक शक्यतो स्टॉपरला द्यावी; सत्तर-ऐंशी मिनिटे तिनेच धीर धरलेला असतो. किक बसेपर्यंत कीपरचा एक पाय तरी रेषेवर असला पाहिजे, हे सरावात फक्कीची रेषा मारूनच घोटून घ्यावे.

कप आला आणि एखादी मुलगी विद्यापीठाची कलर होल्डर झाली, म्हणजे विद्यापीठाच्या टीमकडून खेळली, की ती बहुधा अंतिम वर्षाची असते. पुढच्या जूनपर्यंत कोणी नागपूरला एम.ए.ला गेलेली असते, तर कोणाचे लग्न ठरलेले असते. त्यामुळे हंगाम सुरू असतानाच प्रत्येक बॅकच्या शेजारी प्रथम वर्षाची एक मुलगी नेमून द्यावी. जुनीने आठवड्यातून एक दिवस मैदानाबाहेर बसावे, दोराचे आपले टोक तिच्या हातात द्यावे आणि बाहेरून “मांगं!” असे ओरडत राहावे.