पुन्हा सरपंचपदाला उभे राहताय? या चुका टाळा

पहिल्यांदा उभा राहणारा घाबरून चारदा कागद तपासतो. विद्यमान सरपंच तपासत नाही. "आपलंच ऑफिस आहे, दाखला काय, कधीही मिळेल!" तहसीलला छाननीच्या टेबलाशी घामाघूम झालेले जे मी पाहिले, त्यात असे बरेच होते.

आमच्या तालुक्यातलंच उदाहरण. एका सरपंचांनी स्वतःची घरपट्टी मार्चमध्येच भरलेली, पावती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. हरकत आली धाकट्या भावाच्या पाणीपट्टीवर. घर एकत्र, नमुना ८ ला, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, दोघांची नावं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे रीतसर बिल बजावल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही तर अपात्रता येते, आणि अविभक्त कुटुंबात एकाची थकबाकी सगळ्यांना भोवते. भाऊ पळत जाऊन पैसे भरून आला, पण पावतीवर तारीख त्याच दिवसाची! सवलत आहे ती नामनिर्देशनाच्या दिवसाआधी भरणाऱ्याला. म्हणून फॉर्मच्या आधी नमुना ९, म्हणजे कर मागणीची नोंदवही, उघडा आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढची बाकी बघा. भाऊबंदकी असेल तर जास्तच बारकाईने.

दुसरी चूक मागच्या निवडणुकीत झालेली असते आणि आता वर येते. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. बिनविरोध आलेल्याला वाटतं, आपला कसला खर्च? शून्य खर्च असला तरी हिशेब द्यायचाच. नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. पोच सापडत नसेल तर आजच शोधा.

अतिक्रमणाचं तसंच. "पडवी वडिलांनी काढली, मी नाही" हे चालत नाही. २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की घरच्यांनी आधी केलेलं अतिक्रमण तुम्ही पुढे वापरत राहिलात तरी अपात्र ठरता. गावठाणाचा नकाशा काढून ओट्यापासून मोजा.

आरक्षणाची सोडत झाल्याशिवाय बॅनर छापू नका. जास्त सांगायला नकोच.

प्रचारात मात्र पैशाच्या प्रश्नावर लोक गडबडतात. पारावर कोणीतरी विचारतंच, "एवढा निधी आला, मग आमच्या आळीचा रस्ता का नाही?" यावर विरोधकांच्या नावाने बोटं मोडून काही होत नाही. सरळ सांगा: पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. ती रस्त्याला वळवता येत नव्हती. उरलेल्या ४० टक्क्यांचं काय केलं, ते वर्षवार एका कागदावर लिहून न्या. जे काम अर्धवट राहिलं तेही लिहा, कारण समोरचा पॅनल ते लिहिणारच आहे.

आणि हो, स्वतःचे कागद झाले की पॅनलमधल्या प्रत्येक सदस्याचेही याच पद्धतीने बघा. २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो. तुम्ही एकटे आलात आणि सदस्य समोरच्यांचे जास्त आले, तर मासिक सभेत तुमच्या ठरावाला हात कोण वर करणार?