हाडाच्या मुठीच्या जुन्या सुऱ्या कशा ओळखायच्या आणि कशा जपायच्या

देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांतून सामान निघतं तेव्हा त्यात पिवळट मुठीच्या सुऱ्या-काटे असतातच, आणि बघणारा लगेच म्हणतो हस्तिदंत आहे. बहुतेक वेळा नसतं, गुरांच्या पायाच्या नळीचं हाड असतं.

ओळखायला सोनार वापरतात तसं भिंग आणि मोबाईलचा टॉर्च बास. हाडावर मुठीच्या लांबीने बारीक काळपट रेघा आणि ठिपके दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या जागा, वर्षानुवर्षांचा मळ त्यात बसलेला. हस्तिदंतात हे ठिपके नसतात, तिथे मुठीच्या कापलेल्या टोकाला एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते. आणि रेघा फूटपट्टीने मारल्यासारख्या एकसारख्या असतील तर ते सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, अंगठ्याने जोरात घासून वास घ्या, बऱ्याचदा कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून बघा असं कुणी सांगेल, ते अजिबात करू नका, सेल्युलॉइड भसकन पेटतं. हस्तिदंत निघालंच तर विकायच्या फंदात पडू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याच्या व्यापाराला बंदी आहे.

मग पातं बघा. स्टेनलेस स्टील इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये केलं, त्यामुळे पात्यावर स्टेनलेस लिहिलं असेल तर सुरी त्याच्या नंतरचीच. तारा आणि माल्टीज क्रॉस (आठ टोकांचा क्रूस) अशी खूण दिसली तर ती सुऱ्या बनवणाऱ्या जोसेफ रॉजर्सची, तेही शेफिल्डचेच. ईपीएनएस (EPNS) अशी अक्षरं असतील तर नुसता चांदीचा मुलामा, त्याला चांदीचा भाव देऊ नका.

आता खरं महत्त्वाचं, पाणी. मी पहिल्यांदा सहा सुऱ्या आणल्या आणि साबणाच्या गरम पाण्यात रात्रभर बुडवून ठेवल्या, सकाळी दोन मुठी सुटून हातात आल्या, आणि पावसाळा संपेपर्यंत तिसरीला उभी चीर गेली. फार वाईट वाटलं. मुठीच्या आत पात्याची लोखंडी शेपटी राळेसारख्या मसाल्यात बसवलेली असते, गरम पाण्याने तो मसाला सुटतो, पाणी आत शिरतं, शेपटी गंजते, आणि गंज फुगला की हाड आतून फाटतं. म्हणजे सुरी आतूनच मरते, वरून काही कळत नाही.

म्हणून पातं खाली धरा, साबणाच्या कोमट पाण्याचं फडकं घट्ट पिळून पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने, मग लगेच कोरडं करा, मूठ आणि पातं जिथे जुळतं तिथे तर दोनदा. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, ब्लीच, डिशवॉशर, काहीच नको. साध्या लोखंडी पात्यावर लिक्विड पॅराफिनचा हलका हात फिरवा, मेडिकलमध्ये मिळतं. गोडेतेल नको, चिकट होतं आणि खवट वास येतो. मुठीचा पिवळेपणा काढायला जाऊ नका, तोच तिचा रंग आहे.

ठेवताना एकेक सुरी जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि रबरबँडने मुलामा काळा पडतो. एप्रिल-मेच्या उन्हात खिडकीजवळ नको, हाड तडकतं. सुटलेली मूठ बसवायची असेल तर आधी शेपटीचा गंज पूर्ण खरवडून काढा, मगच राळ. एपॉक्सी गोंद लावलात की ती मूठ पुन्हा नीट निघत नाही.