सेमी-ऑटो शॉटगन घेताय? आधी हलकं काडतूस घालून बघा

इकडे टेक्सासात आपल्यातला कोणी क्ले शूटिंगला (हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्या फोडायला) लागला की मला फोन येतोच, "दादा, सगळी काडतुसं खाईल अशी सेमी-ऑटो कुठली?" (सेमी-ऑटो म्हणजे उडवलं की पुढचं काडतूस आपोआप भरणारी.) आणि सगळे बघतात काय तर साडेतीन इंची, म्हणजे लांब नि जड काडतूस चालतं का. अरे जड काडतुसाला जोर असतोच, बंदूक अडते ती हलक्यावर, म्हणजे 28 नाहीतर 24 ग्रॅम छऱ्यांच्या काडतुसांच्या स्वस्त बॉक्सवर, आणि क्लेला आपण तेच उडवणार ना!

बेरेटा ए300, ए400 किंवा मॉसबर्ग 940 गॅसवर चालतात, नळीतला थोडा गॅस पिस्टनला ढकलतो, खांद्याला धक्का कमी बसतो पण काजळी धरते, साफसफाई आली. रेमिंग्टन वर्सा मॅक्सची आयडिया मला भारी आवडते. चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) पिस्टनकडे गॅस सोडणारी 7 भोकं, काडतूस जितकं लांब तितकी जास्त झाकली जातात, पावणेतीन इंचीला सातही उघडी, 3 इंचीला 4, साडेतीनला फक्त 3. ॲडजस्ट काही करायचंच नाही.

बेनेली एम2 किंवा सुपर ब्लॅक ईगल 3 मध्ये गॅसची भानगड नाही, बंदूक मागे सरकते, बोल्ट (काडतुसामागचा सरकता ठोकळा) क्षणभर जागेवरच राहतो, मधली स्प्रिंग दबते आणि तीच बोल्टला मागे ढकलून पुढचं काम करते. स्वच्छ राहते पण बंदुकीला नीट मागे सरकू द्यावं लागतं, वर लाइट न् काय काय लटकवून वजन वाढवलं की हलकं काडतूस कुरकुरतं.

आजोबांची ब्राउनिंग ऑटो-5 हाती आली तर आधी आतली फ्रिक्शन रिंग (धक्क्याला ब्रेक लावणारी कडी) बघा, ती हलक्या काडतुसांच्या सेटिंगवर असताना जड काडतुसं मारली तर बंदूक आतून ठोकून निघते.

आता टेस्ट. रेंजवर भाड्याने किंवा मित्राची घ्या, तुम्ही नेहमी वापरणार त्याच हलक्या काडतुसांचा 25 चा एक अख्खा बॉक्स मारा, मध्ये साफ करू नका. रिकामं टरफल कुठे पडतंय ते बघत राहा. चार-पाच फुटांवर पडलं तर मस्त, पायापाशी टपकायला लागलं की समजा जेमतेम चाललीये, पुढचं अडकणार. नवीकोरी असेल तर लगेच नावं ठेवू नका, आधी दणकट काडतुसांचे 3-4 बॉक्स जाऊ द्या.

आणि नळीवर चेंबरचं माप कोरलेलं असतं ते वाचाच. काडतुसाची लांबी उडाल्यावर उघडलेल्या तोंडासकट मोजतात, त्यामुळे 3 इंची काडतूस पावणेतीनच्या चेंबरमध्ये आरामात बसतं आणि उडवल्यावर प्रेशर भलतंच वाढतं. त्याहून वाईट म्हणजे 20 गेजचं पिवळं काडतूस (गेज म्हणजे नळीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक) 12 गेजच्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागून 12 चं भरून उडवलं की नळी फुटते. म्हणून आमच्यात 20 वाल्याने पिशवी वेगळी आणायची, आणि 12 वाल्यांच्या टेबलावर ती ठेवायची नाही.